स्टीलच्या फ्रेमवर बारीक रेघ दिसतेय, रंग तडकलाय की लोखंड?

चिखलमडगार्ड (डिचोली)

मंडळी नमस्कार. लांबडं होणार आहे, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी मार्चात हरमलला एक परदेशी म्हातारा भेटला, सायकलवरून देश बघत आलेला, पुढे विमानाने जायचं म्हणून सायकल विकायला काढलेली, ती मी घेतली. स्टीलची टूरिंग फ्रेम, सीटच्या नळीवर ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं स्टील) असं अर्धं सोललेलं स्टिकर, कंपनीचं नाव केव्हाच उडालेलं. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला तिच्यावरूनच जातो, डिचोलीहून मये, चोडण, मग फेरीबोट, रायबंदर, पणजी, आणि रविवारी जमलं तर चोर्ला. माझं वजन ८४ किलो, मागे कॅरियरवर लॅपटॉप, डबा, रेनकोट मिळून सात-आठ किलो. पावसातही चालवली, आणि पाऊस म्हणजे आपला गोव्यातला, मडगार्ड असूनही पाठीवर चिखलाची रांगोळी.

चवथीच्या सुट्टीत पाहुणे गेल्यावर सायकल धुवायला काढली. उलटी केली तर हेडच्या (हँडलखालची पुढची आखूड नळी) मागे, खालच्या तिरक्या नळीच्या पोटाला, वेल्डपासून बोटभर अंतरावर एक रेघ दिसली. अर्धचंद्रासारखी, दोन-अडीच सेंटिमीटर, केसाएवढी बारीक, नखाला जेमतेम लागते. त्यात आणि गेला महिनाभर चढावर उभं राहून पॅडल मारलं की खालून कुठूनतरी कट् असा आवाज येतोय, उजवा पाय खाली जाताना. या दोन्हीचा एकमेकांशी संबंध आहे का?

वाड्यावरचा ग्रिलवाला म्हणतो दोनशे रुपये दे, एक टाका मारतो, हत्ती बसला तरी मोडणार नाही. आई म्हणते विकून टाक ती ब्याद. पण तडा असलेली सायकल दुसऱ्याच्या गळ्यात मारायची हे काही पटत नाही. तर रंग तडकलाय की लोखंड हे घरच्या घरी कसं ओळखायचं, तोवर चालवू की नको, आणि खरंच तडा निघाला तर ग्रिलवाल्याकडे द्यायची का?

घाटउतार (वाळपई)

स्टील आहे ना, मग घाबरतोस कशाला रे. स्टील सांगून मोडतं, कार्बनसारखं फटकन नाही. मार टाका आणि चालव. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला दर वर्षी टाके मारतात, अजून चालतेय.

साखळीतली_साखळी

ट्रॉलीची चॅनेल आणि सायकलची नळी एकच समजतोस काय मरे. ट्रॉलीला पाच-सहा मिलिमीटर जाड लोखंड असतं. चांगल्या क्रोमोली फ्रेमची नळी टोकाला एक मिलिमीटरच्या आसपास आणि मधे पाऊण किंवा त्याहून पातळ. ग्रिलवाल्याच्या जाड रॉडने तिला टाका मारायला गेलास तर पहिल्या ठिणगीला भोक, मग ते भोक बुजवायला दुसरा टाका, मग तिसरा, आणि शेवटी तिथे जो गोळा होतो तो बाहेरून दणकट दिसतो पण त्याच्या कडेला नळी करपून ठिसूळ झालेली असते. सहा महिन्यांनी नवा तडा त्या गोळ्याच्या बाजूलाच येतो. दुकानात अशा किती आल्या सांगू.

आमचं सायकलचं दुकान साखळीत, बाबांच्या वेळेपासूनचं (नाव वाचून हसायचं नाही, गाव साखळी आणि धंदा साखळीचा, त्यात माझा काय दोष). खाणी जोरात होत्या तेव्हा इथे वेल्डर पैशाला पासरी. २०१८ ला खाणी परत बंद पडल्यावर त्यातले बरेच गेट-ग्रिलकडे वळले. डंपरची बॉडी जोडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, पण सायकलची नळी त्यांच्या हाताला हलकी पडते.

आता तुझ्या रेघेचं. आधी बघ रेघ एकच आहे की आजूबाजूला अजून बारीक रेघा आहेत. रंग तडकतो तेव्हा सुकलेल्या शेताच्या चिखलासारखा तडकतो, वाट्टेल तशा फाट्या फुटतात. लोखंडाचा तडा सहसा एकटा असतो आणि बहुतेक वेळा वेल्डच्या कडेला धरून जातो, जिथे वेल्डचा उंचवटा संपून नळी सुरू होते तिथे. तुझी रेघ वेल्डपासून बोटभर लांब आहे म्हणतोस, ते मला जरा बरं वाटतंय. दुसरं म्हणजे गंज. तडा खरा असेल तर पाणी आत जातं आणि तांबूस होऊन बाहेर पाझरतं, पुसलंस तरी चार दिवसांनी परत येतं. धुतल्याला आठ-दहा दिवस झाले असतील ना, आता बघ, लाल परतलंय का?

तिसरं, डोळे मिटून नळीच्या पोटावरून बोट फिरव. सायकल कधी समोरून कशाला धडकली असेल तर नेमकं तिथेच, हेडच्या मागे, नळीला फुगवटा किंवा सुरकुती येते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. सुरकुती असेल तर गोष्ट वेगळी, मग पुढचा चिमटाही (पुढचं चाक धरतो तो) वाकलेला असणार आणि आधी तो काढून बघावा लागेल.

आणि एक सांगतो, रेघ पुढे दिसली म्हणून पुढेच बघत बसू नकोस. आवाज उजव्या पॅडलवर येतो म्हणतोस. आमच्याकडे पदेरांच्या, म्हणजे पाववाल्यांच्या, सायकली यायच्या, मागे ती मोठी पाटली (टोपली), त्यात पोळ्या, उंडे, कातऱ्याचे पाव, पहाटेपासून खड्ड्यातून पों पों करत फिरणार. त्या सायकलींचं पुढे काही होत नसे. जायच्या त्या मागे, एक तर चाकाचा अ‍ॅक्सल बसतो त्या खाचेजवळ, नाहीतर पॅडलच्या पेटीच्या (पॅडलचा दांडा जिच्यात फिरतो ती) मागे जे दोन दांडे चाकाकडे जातात तिथे. एकदा एका पदेराची ऐन चवथीच्या आदल्या दिवशी साखळी बाजारातच बसली, उजवा दांडा आरपार, चाक तिरकं होऊन मडगार्डात अडकलं. पाव सगळे वाचले, पाटली उभीच होती, पण तो म्हणाला महिनाभर कटकट वाजत होती, मला वाटलं पॅडल वाजतंय.

तर आधी सीटपोस्ट काढून ग्रीस लावून घाल, पॅडल काढून ग्रीस लावून घट्ट कर, पेटीचे कप बघ, एकेक करत जा. एवढं करूनही आवाज राहिला तर फ्रेमवर संशय घे. तुझ्या फ्रेमला जोडावर वेगळे साचे बसवलेत, लग म्हणतात ते, की नळीला नळी जोडून वेल्डची माळ दिसते? आणि स्टँड कुठला आहे?

चिखलमडगार्ड

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. लग नाहीत, सरळ वेल्डची माळ आहे, माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी. बोट फिरवून बघितलं, बायकोलाही फिरवायला लावलं, फुगवटा नाही. लाल परत आलेलं नाही. सीटपोस्ट, पॅडल झालं, आवाज तसाच. पेटी सीलबंद बेअरिंगची आहे, हलत नाही.

स्टँड नव्हता मुळात, मी इथे आल्यावर एका दुकानातून लावून घेतला, पेटीच्या मागे दोन पट्ट्यांमध्ये दांडे पकडून बोल्ट आवळतात तो. का विचारलंत?

साखळीतली_साखळी

काढ तो स्टँड. आज संध्याकाळीच काढ आणि खाली काय दिसतं ते सांग.

वास्को_काका

सायकलमधलं मला फार कळत नाही, लहानपणी चालवली तेवढीच. पण आयुष्यभर जहाजांच्या वेल्ड तपासायचं काम केलं, तेव्हा तडा या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

वरच्या एका सद्गृहस्थांनी लिहिलंय स्टील सांगून मोडतं. अर्धं खरं आहे. स्टीलचा तडा सावकाश वाढतो म्हणून बघणाऱ्याला वेळ मिळतो, पण बघणारा असेल तर. लोखंड एका दणक्यात मोडायला जेवढा जोर लागतो त्याच्या बऱ्याच कमी जोराने ते हजारो-लाखो वेळा वाकवलं तरी तडकतं, याला फटीग म्हणतात, आपल्या भाषेत शीण. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे अ‍ॅक्सल असेच काही कारण नसताना मोडायला लागले तेव्हा १८६० च्या सुमारास जर्मनीत वोलर नावाच्या इंजिनीअरने वर्षानुवर्षं अ‍ॅक्सल फिरवून याचा अभ्यास केला. तुमचाच हिशोब करा, मिनिटाला ६० फेऱ्या, दिवसाला अडीच तास धरले तर ९००० फेऱ्या, आठवड्याला तीन दिवस म्हणजे २७ हजार, वर्षाचे ५० आठवडे धरले तर साडेतेरा लाख. प्रत्येक फेरीला उजवा पाय खाली जाताना ती फ्रेम एकदा पिळली जाते.

स्टीलची चांगली गोष्ट अशी की ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला तर ते जवळजवळ कितीही फेऱ्या सोसतं, अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नसते. पण ही मर्यादा कोरड्या, स्वच्छ, गुळगुळीत स्टीलची. खारी हवा आणि गंज आला की पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात आणि ती मर्यादा उरत नाही. म्हणजे गोव्यात आणि त्यात रोज खाडी ओलांडून जाणाऱ्याने स्टीलच्या भरवशावर झोपून राहू नये. शिवाय कुठेही चेपलं, ओरखडलं, आवळून खाच पडली, की ताण तिथे गोळा होतो. दुकानदारांनी स्टँडचं विचारलं ते म्हणूनच असावं.

आता तपासायचं कसं. आमच्याकडे तीन डबे असतात, एक साफ करायचा, एक लाल रंगाचा, एक पांढऱ्या पावडरीचा. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात, डाय पेनेट्रंट म्हणून मागा. आधी त्या जागेचा रंग काढायचा, पेंट रिमूव्हरने, फार तर हाताने बारीक पॉलिश पेपर. ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश मारायचा नाही, त्याने लोखंडाची साय तड्याच्या तोंडावर पसरते आणि मग काहीच दिसत नाही, इथेच निम्मे लोक चुकतात. मग साफ करून पूर्ण सुकू द्यायचं, लाल रंग मारायचा, १०-१५ मिनिटं थांबायचं. त्यानंतर लाल पुसायचा तो कपड्यावर क्लीनर घेऊन, थेट जागेवर फवारा मारला तर तड्यातला रंगही धुऊन जातो. शेवटी पांढऱ्याचा पातळ फवारा, आणि परत दहा मिनिटं. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ आपोआप उमटते. ठिपके ठिपके आले तर ती वेल्डमधली बुडबुड्यांची भोकं.

एवढा खर्च नको असेल तर जुनी पद्धत, रेल्वेत अ‍ॅक्सल असेच बघायचे. रॉकेल लावा, ते मिळालं नाही तर डिझेल, अर्धा तास मुरू द्या, कोरडं खणखणीत पुसा, मग शाळेचा खडू स्पिरिटमध्ये कालवून वर पातळ हात द्या. स्पिरिट उडालं की पांढरं उरतं आणि तड्यात मुरलेलं तेल वर येऊन ओली रेघ दाखवतं. लाल रंगाएवढं बारीक दाखवत नाही पण नखाला लागणारा तडा नक्की सापडेल.

चमच्याने वाजवून आवाजावरून ओळखतात असंही कोणी सांगेल. मडकं ओळखायला ठीक आहे.

फोंड्याची_स्वार

काकांचं वाचून अंगावर काटा आला कारण मी वाजवून बघणाऱ्यांतलीच 😀

माझा अनुभव पुढच्या बाजूचा आहे म्हणून लिहिते. चार वर्षांपूर्वी माझ्या जुन्या स्टीलच्या सायकलचा पुढचा ब्रेक दाबला की हँडल किंचित मागे-पुढे व्हायचं. हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) सैल झाला असेल म्हणून तीनदा आवळून घेतला, दोन दिवस बरं, परत तेच. शेवटी एका मित्राने चिमटा बाहेर काढला तर हेडच्या आत जाणारी जी नळी असते तिच्या बुडाशी, जिथे ती चिमट्याच्या खांद्यात घुसते, तिथे निम्म्या घेरात काळा तडा. काळा म्हणजे जुना, आत गंज चढलेला, आणि कडेला थोडासा भाग ताजा चकचकीत. त्या आठवड्यात मी बोरीच्या उतारावरून चाळीसच्या स्पीडने आले होते. तिथे सुटला असता तर तोंडावरच.

बाहेरून काहीही दिसत नव्हतं हं, ती जागा आतच असते. त्यामुळे मी तरी म्हणेन मागचा दांडा तडकला तर बघू, विचार करू, पण चिमटा किंवा हेडच्या आसपास नुसता संशय आला तरी त्या दिवशी बसने जायचं. चिमटा मी दुरुस्तही केला नाही, दुसरा घातला.

चिखलमडगार्ड

ताई, फेरीबोटीपर्यंत बसच धरलीय दोन दिवस.

स्टँड काढला. उजव्या दांड्याला पट्टीच्या काठाने सरळ खाच पडलीय, दांडा तिथे चपटा झालाय, आणि आतल्या बाजूला, चाकाकडे, त्या खाचेतच एक रेघ. हिला गंज आहे. पुसला, रात्रभर ठेवली, सकाळी परत तांबूस. डाव्या दांड्यालाही खाच आहे पण रेघ दिसत नाही.

पुढची रेघ मी विसरूनच गेलो होतो. शनिवारी म्हापशाहून तीन डबे आणले (बाजाराच्या दिवशी गेलो नाही, शहाणपण), काकांनी सांगितलं तसं दोन्हीकडे केलं. पुढे काही नाही, रंग काढल्यावर खाली लोखंड कोरं करकरीत, नुसता वरचा रंगच चिरलेला होता. मागे मात्र पांढऱ्यावर लाल रेघ अशी उमटली की कुंकवाची चिरी. मोजली, नऊ मिलिमीटर. डोळ्याला पाच-सहाच दिसत होती.

आता काय करू? ज्याने स्टँड लावला त्याच्याशी भांडायला गेलो नाही, त्याने मला विचारलं होतं आवळू का अजून आणि मीच हो म्हणालो होतो, दर वेळी सायकल कलंडायची म्हणून.

घाटउतार

तड्याच्या टोकाला ड्रिलने बारीक भोक पाड, तडा थांबतो. हे मी नक्की ऐकलंय. वरून इपॉक्सी.

बेळगावचा_पितळी

भोकाचं ऐकलंस ते खरं, पण अर्धंच ऐकलंस. टोक गोल झालं की ताण पसरतो आणि तडा काही दिवस थांबतो, पण तो दुरुस्तीच्या आधी, दुरुस्तीऐवजी नाही. आणि भोक दिसणाऱ्या टोकाच्या थोडं पुढे पाडायचं, कारण खरं टोक डोळ्याला दिसतं त्याच्या पुढे असतं, ह्यांनाच बघा, पाचाचे नऊ झाले. इपॉक्सीने रंग छान बसतो, बाकी काही होत नाही.

मी बेळगावात, चोर्ल्याच्या पलीकडे. तीस वर्षं पितळी झाळकाम करतो, सायकलच्या फ्रेमा पण. माझं मत, पितळेने झाळायची. पितळ ९०० डिग्रीच्या आसपास वितळतं, लोखंड दीड हजाराच्या जवळ, म्हणजे नळी स्वतः वितळत नाही, नुसती लालबुंद होते आणि पितळ केशिकेसारखं फटीत शिरतं. खाचेवर, वेगळ्या नळीची उभी अर्धी कापून, तिची पट्टी बसवायची, तिची दोन्ही टोकं चौकोनी ठेवायची नाहीत, माशाच्या तोंडासारखी निमुळती कापायची. चौकोनी ठेवली तर जिथे पट्टी संपते तिथे कडक आणि मऊ यांची सरळ रेघ पडते आणि पुढचा तडा तिथेच. चांदीचा झाळ अजून कमी उष्णतेत होतो पण महाग आणि फट एकदम नेमकी लागते.

क्रोमोली असल्यामुळे एक गोष्ट कुणीही सांगत नाही म्हणून सांगतो. काम झाल्यावर पाणी ओतायचं नाही. ग्रिलवाला सवयीने ओल्या फडक्याने चर्र करतो. साध्या लोखंडाला चालून जातं, ४१३० मध्ये कार्बन तीस शतांश टक्के आणि वर क्रोमियम, ते काचेसारखं कडक होतं. आपोआप थंड होऊ द्यायचं, वारासुद्धा नको.

वास्को_काका

पितळीभाऊंच्या हातकौशल्याबद्दल शंका नाही, पण मी इथे टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाने, गॅसच्या आडोशात करतात ते बारीक वेल्डिंग) म्हणेन. फ्रेम मुळात टिगने वेल्ड केलेली आहे. एकदा पितळ लावलं की पुढे कधी त्या जागी वेल्ड करता येत नाही, वितळलेलं तांबं-पितळ लाल झालेल्या स्टीलच्या कणांमध्ये शिरतं आणि स्टील तडकतं. उलट टिग आधी केलं तर पुढे पितळेचा रस्ता मोकळा राहतो. शिवाय हा नऊ मिलिमीटरचा तडा, पूर्ण जोड नाही, एवढ्यासाठी दांडाभर लाल करायची गरज नाही.

बेळगावचा_पितळी

काका, हे मान्य, पितळ लागलेल्या जागी टिग नाही. पण लग असलेली फ्रेम असती तर तुम्हालाही माझ्याकडेच यावं लागलं असतं, कारण तिच्या प्रत्येक जोडात आधीच पितळ असतं आणि लगजवळ टिग मारणारा म्हणजे फ्रेम मारणारा. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीच्या त्या ५३१ नळ्या, १९३५ पासूनच्या, सगळ्या झाळायच्याच, त्यावर लोकांनी अख्खी पृथ्वी फिरली. आमच्या जुन्या काळ्या सायकलीपण लगच्याच. वाचणाऱ्याने आपल्या फ्रेमला लग आहेत की वेल्डची माळ हे बघूनच कोणाचं ऐकायचं ते ठरवावं.

आणि टिगवालासुद्धा पातळ कामाचा हवा, नाहीतर तेच भोक.

साखळीतली_साखळी

पातळ कामाचा टिगवाला गोव्यात शोधायला लागत नाही. वेर्णा, कुंडईला औषधाच्या फॅक्टऱ्यांची स्टेनलेसची पाइपलाइन करणारी पोरं आहेत, दीड मिलिमीटरच्या नळीवर दिवसभर बसलेली असतात. आमच्या दुकानाच्या फ्रेमा मी तसल्याच एकाकडे देतो. फिलर तार ईआर७०एस-२ सांग, त्याला कळेल.

नेण्याआधी काय करायचं ते ऐक. पेटी, चेन, चाक, सगळं उतरव, बेअरिंग भाजतात. लाल रंग आणि तेल थिनरने किंवा अ‍ॅसिटोनने आतबाहेर धू, तड्यात मुरलेलं तेल वेल्डमध्ये बुडबुडे करतं. दांड्याला आत हवा जायला भोक आहे का बघ, बहुतेक पेटीच्या आत उघडतं, ते बुजलेलं असेल तर मोकळं कर, बंद नळी तापवली की आतली हवा फुगून वितळलेलं लोखंड बाहेर फेकते आणि वेल्डरला वाटतं आपलाच हात हलला. आत कोणी गंजाचं तेल ओतलेलं असेल तर तेही काढ. आणि चेपलेला भाग तसाच ठेवून वर वेल्ड मारू देऊ नकोस, तडा त्या खाचेमुळे आलाय, खाच राहिली तर परत येईल. एक तर पितळीभाऊ म्हणतात तशी निमुळती पट्टी, नाहीतर दांडाच बदल.

जायच्या आधी आणि आल्यावर दोरा लावून बघ. मागचं चाक बसतं त्या एका बाजूच्या खाचेतून दोरा घे, हेडला पुढून वळसा घाल, दुसऱ्या खाचेत बांध, ताणून. मग दोऱ्यापासून सीटच्या नळीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूला मोज. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असला तर वेल्डने दांडा ओढून घेतलाय.

चिखलमडगार्ड

तीन आठवड्यांनी येतोय, माफी. कुंडईच्या एका पोराने केलं. आधी म्हणाला सायकल? मग स्टिकर बघितलं, बोटाने वाजवलं (काका, तोही वाजवतो) आणि म्हणाला ठेवून जा. तडा खरवडून मोकळा केला, भरला, वर निमुळती पट्टी, डाव्या दांड्याच्या खाचेवरही तशीच लावून घेतली. चौदाशे रुपये घेतले. पाणी ओतू नकोस म्हटल्यावर माझ्याकडे असं बघितलं की मी परत तोंड उघडलं नाही.

दोरा लावला, आधी एक मिलिमीटर फरक होता, आता दीड. हात सोडून चालवली तर सरळ जाते. कट् आवाज गेला. एकूणच शांत झालीय, आता मडगार्डचा एक स्क्रू वाजतो तो ऐकू यायला लागलाय, आधी कधी लक्षातच आला नव्हता. पट्टीवर थोडे दिवस रंग न मारता पारदर्शक लॅकर मारून ठेवलंय, काही हललं तर दिसावं म्हणून. दर रविवारी टॉर्च घेऊन खाली डोकं घालतो, शेजारी विचारतात काय हरवलं.

एक शंका उरलीय. आतून गंज लागू नये म्हणून जवसाचं तेल ओततात म्हणे, ते इथल्या पावसात खरंच टिकतं का?

साखळीतली_साखळी

टिकतं. जवसाचं तेल सुकून आत पापुद्रा धरतं, खोबरेल किंवा गोडं तेल घालशील तर नुसतं ओघळत राहील. सीटच्या नळीतून दोन-तीन चमचे ओत, फ्रेम सगळीकडून फिरव, रात्रभर उलटी-सुलटी ठेव, जास्तीचं पेटीतून निथळू दे. आणि पेटीच्या तळाला पाणी जायचं बारीक भोक आहे का बघ, नसेल तर पाड. सीटपोस्टच्या बाजूने पाणी आत जातंच, जाणारच, ते बाहेर पडलं पाहिजे. तेलाच्या फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, जवसाचं तेल स्वतःच तापतं आणि पेट घेतं. उन्हात पसरून वाळव.

स्टँडचं काय केलंस?

चिखलमडगार्ड

भंगारात. आता भिंतीला टेकवतो, भिंतीचा चुना हँडलला लागतो म्हणून आई रोज ऐकवते. मागच्या अ‍ॅक्सलला लागतो तो डावीकडचा साधा स्टँड तुमच्याकडे आहे का?

साखळीतली_साखळी

आहे. ये शनिवारी, पण आवळणार मी.